नारायण पेठेतलं एक घर आणि आजींची सात आसनं

मला बोलावलं होतं ते खुर्ची वापरायला शिकवायला. सूनबाई फोनवर म्हणाल्या, "आईंसाठी रिमोटवर उठवणारी रिक्लायनर घेतलीय, पण त्या तिच्यावर बसतच नाहीत. तुमचं कदाचित ऐकतील."

मी पुण्यात घरोघरी जाऊन व्यवसायोपचार करते. आजारपण किंवा ऑपरेशननंतर माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःची रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून लागेल ती मदत करणं हे माझं काम. असे फोन मला नेहमी येतात. वस्तू घरी आलेली असते, पैसे खर्च झालेले असतात आणि म्हातारं माणूस हट्टी ठरलेलं असतं. या घरात हट्ट नव्हता. आजींनी खुर्ची सोडली त्याला कारण होतं, आणि ते कळायला मला तीन भेटी लागल्या. मधे माझ्या हातूनही एक चूक झाली. ती लपवली तर या लिखाणाला अर्थ राहणार नाही, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि माणसं

आजी ७९ वर्षांच्या, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही गुडघे जुने दुखरे. २०२४ च्या जूनअखेरीस इमारतीच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. बॉल बदलायचं ऑपरेशन झालं. मी गेले तेव्हा पाचवा आठवडा होता. त्यांना बारा आठवड्यांची पथ्यं होती: मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त दुमडायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही. नवा बॉल खोबणीतून निसटू नये म्हणून ही काळजी.

वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, नातू बारावीत. दिवसभर घरात आजी आणि कामाच्या मावशी. मावशी ६७ वर्षांच्या. याच घरात बावीस वर्षं काम करतात आणि आजींना "वहिनी" म्हणतात. खुर्ची बंगळूरच्या मुलीने मागवली होती, ४८,००० रुपयांची. आईला आपण जवळ राहून उठवू शकत नाही, निदान खुर्ची तरी उठवेल, असं तिला वाटलं होतं. त्या मायेबद्दल मला कधीच शंका आली नाही.

सात आसनं

पहिल्या भेटीत मी रिक्लायनरला हातही लावला नाही. सूनबाईंना सांगितलं, की मला दोन दिवस घरात नुसतं बसू द्या. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सात. वही, पेन आणि शिंप्याचा टेप एवढंच बरोबर. आजी कुठे बसतात, कशावरून उठतात, उठताना हात कुठे टेकतात, हे लिहीत गेले. पहिल्या दिवशी त्या ३१ वेळा उठल्या. घरातल्यांना विचारलं असतं तर कोणी दहा म्हटलं असतं, कोणी पंधरा.

हे उठणं सात ठिकाणांहून होत होतं. पलंग, कमोड, आंघोळीचं स्टूल, स्वयंपाकघरातलं स्टूल, हॉलमधला सोफा, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची आणि देवघरासमोरचा पाट. पाटावर बसायची मनाई होती, पण त्या त्याच्याजवळ जाऊन कमरेत वाकत, फूल वाहत आणि भिंत धरून सरळ होत. ते मी उठण्यातच धरलं, कारण धोका तोच होता, किंबहुना जास्त. रिक्लायनर हे आठवं ठिकाण. तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते.

मग टेप काढला. बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या खोलगट भागापासून जमिनीपर्यंतचं अंतर हा अशा घरातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. आजींचा आकडा ३८ सेंटिमीटर. आसन या उंचीएवढं किंवा थोडं वर असावं, आणि गुडघे-खुबे कमजोर असतील तर पंधरा-वीस टक्के वर. म्हणजे आजींना साधारण ४३ ते ४५ हवं. त्याच्या खाली गेलं की मांड्यांना शरीर खोल खड्ड्यातून उचलावं लागतं. फार वर गेलं की पाय लोंबकळतात आणि पावलांना जमीनच सापडत नाही. उठण्याच्या क्रियेवर झालेल्या अभ्यासांचा एक चांगला आढावा २००२ साली डच संशोधकांनी घेतला आहे. आसन उंच केलं तर गुडघ्यावरचा भार ६० टक्क्यांपर्यंत आणि खुब्यावरचा निम्म्यापर्यंत कमी होतो, आणि हातांवर रेटून उठलं तरी खुब्यावरचा भार निम्म्यावर येतो, असं त्यात मांडलं आहे. उंची आणि हात. बाकी सगळं या दोन गोष्टींनंतर.

घरातली मापं अशी निघाली. सोफा दिसायला ४१, पण आजी बसल्या की फोम दबून ३४ वर यायचा. पलंग कापसाच्या जुन्या गादीसकट बसल्यावर ३८. स्वयंपाकघरातलं स्टूल ४५, पण त्याला ना पाठ ना हात. रिक्लायनर ४९, बसल्यावर ४६. तिची बैठक ५३ सेंटिमीटर खोल, आणि आजींची मांडी पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत ४३. म्हणजे पाठ टेकली की पाय समोर पोरांसारखे सरळ होत, आणि पावलं टेकली की पाठ हवेत. दोन्ही हात एकदम खुर्चीच्या हातांवर ठेवायचे तर खांदे पसरावे लागत. खुर्ची चांगली होती. ती दुसऱ्या कोणाच्या मापाची होती.

सगळ्यात सहज त्या कुठून उठल्या? गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून. बैठक ४३, कडक, दोन्ही बाजूंना हात, मागे भिंत. हॉलमध्ये बरी दिसत नाही म्हणून ती बाहेर काढली होती.

गुरुवार

तिसऱ्या भेटीत आजी आणि मी गवार निवडत बसलो होतो. मी खुर्चीचा विषय काढलाच नव्हता. मावशीच ओट्याजवळून म्हणाल्या, "वहिनी, सांगा की त्यांना गुरुवारचं."

पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा दिवस. पाणी बंद, आणि पुष्कळदा वीजही. खुर्ची आली त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आजी तिच्यावर पाय वर करून आडव्या होत्या. वीज गेली. रिमोटची बटणं दाबून पाहिली, खुर्ची जागची हलेना. मावशी दळण आणायला गेलेल्या, बाकी सगळे बाहेर. पथ्य असं, की कमरेत वाकून, मांडी दुमडून पुढे यायचं नाही. पाय खाली सोडायला जागा नाही. चाळीस मिनिटं त्या तशाच पडून होत्या आणि त्यांना बाथरूमला जायचं होतं. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मावशींनी आल्यावर सगळं आवरलं आणि दोघींनी ते घरात कोणालाही कळू दिलं नाही.

"मुलीने एवढ्या हौसेने पाठवलीय," आजी म्हणाल्या. "तिला कसं सांगू?"

अशा पुष्कळ खुर्च्यांना वीज गेली तर एकदा खाली आणण्यापुरती सोय असते. ९ व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्या वीजपुरवठ्याच्या डब्यात घालायच्या. या खुर्चीतही ती सोय होती. पण बॅटऱ्या सोबत येत नाहीत, त्या आपण आणायच्या असतात. माहितीपुस्तिकेत ते छापलेलं होतं, आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नव्हती. बसवायला आलेल्या माणसाने रिमोट दाखवला आणि तो गेला. घरात रिक्लायनर किंवा उंच-सखल होणारा पलंग असेल तर हे लिखाण वाचायचं थांबवा आणि तो डबा उघडून पाहा. मी कळकळीने सांगते आहे.

आणखी एक गोष्ट आजींनी सांगितली, जी मला मापात सापडली नव्हती. खुर्ची उठवायला लागली की "मागून कोणी ढकलतंय असं वाटतं." पावलं जमिनीवर पक्की टेकलेली असतील तर ते ढकलणं मदत होतं. आजींची पावलं टेकत नव्हती.

माझी चूक

बेडरूमकडून बाथरूमकडे जाताना वाटेत आजींच्या यजमानांची वेताची आरामखुर्ची होती. सासऱ्यांच्या वेळची, १९६१ च्या पानशेतच्या पुरात भिजलेली. यजमानांनी नंतर वेत बदलून घेतला होता. तिचा एक हात वाटेत येत होता आणि तिथे रुंदी ६८ सेंटिमीटरच उरत होती. वॉकर नीट जायचा नाही. वाट मोकळी करा, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी खुर्ची हलवायला सांगितली. मुलाने ती गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली.

नवव्या दिवशी पहाटे साडेचारला आजी पडल्या. सुदैवाने डाव्या कुशीवर, हळू, जवळजवळ बसल्यासारख्या. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. कोपर सोलवटलं होतं आणि त्या दोन दिवस गप्प होत्या.

मी दोन दिवस पाहिलं होतं ते दिवसा. रात्र मी पाहिलीच नव्हती. दिवसा त्या वॉकर घेत, कारण मी समोर होते. रात्री घेत नसत, कारण त्याची खडखड होते आणि नातू अभ्यास करून नुकता झोपलेला असतो. मग मी सूनबाईंची परवानगी घेऊन एक रात्र हॉलमध्ये काढली. आजी रात्री दोनदा उठल्या. पलंगाची कड, कपाटाची मूठ, मग हात हवेत पुढे आणि तिथे काही नाही, मग घाईने दोन पावलं, दाराची चौकट. ज्या वस्तूला मी अडथळा समजले तो त्यांचा कठडा होता.

"पंधरा वर्षं तिथे हात ठेवतेय," त्या म्हणाल्या. "अंधारात दिसायला लागत नाही मला."

मी त्यांची माफी मागितली. फर्निचर धरत धरत चालणं धोक्याचं, हे आजही मी शिकवते आणि ते खरं आहे, कारण एखादी वस्तू निसटते, एखादी सरकते. पण आधी त्याच्या जागी काहीतरी द्यायचं आणि मग वस्तू काढायची, हा क्रम मी उलटा केला. मिस्त्रींना बोलावलं. पलंगाच्या उशाकडून बाथरूमच्या चौकटीपर्यंत भिंतीवर लाकडी दांडा बसवला, आजी उभ्या असताना मनगटाच्या रेषेत, म्हणजे ७२ सेंटिमीटरवर. जाडी त्यांची बोटं पूर्ण वळतील एवढी. आरामखुर्ची गच्चीवरून खाली आली आणि हॉलच्या भिंतीला, जाता-येता दिसेल अशी लागली. वॉकरचे झिजलेले रबरी बूट बदलले, खडखड बरीचशी थांबली.

ठोकळे आणि टेबलाच्या टोकाची खुर्ची

पलंगाचं काम सोपं होतं. मिस्त्रींनी सागवानी चार ठोकळे केले, प्रत्येक ८ सेंटिमीटर उंच, मधे २ सेंटिमीटर खोल खाच, म्हणजे पलंगाचा पाय त्यात बसतो आणि सरकत नाही. खाली रबर. पलंग ३८ चा ४४ झाला. चार ठोकळ्यांचे १,२०० रुपये. नुसत्या विटा किंवा लाकडाचे तुकडे ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका, खाच हवीच.

खुर्चीसाठी काहीच आणावं लागलं नाही. डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना हातांच्या खुर्च्या होत्या. त्यातली एक मोजली, गादीसकट ४५. गादी काढून टाकली, ४३. ती हॉलच्या खिडकीपाशी, पाठ भिंतीला लावून ठेवली. तिथून लिफ्टचा दरवाजा दिसतो, खालचा रस्ता दिसतो आणि स्वयंपाकघरातला आवाज येतो. रिक्लायनर टीव्हीसमोर होती. आजी टीव्ही फारसा पाहत नाहीत. कोण आलं, कोण गेलं हे पाहतात. खुर्चीची जागा ठरवताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पहिल्या दिवशी माझ्याही नाही.

कमोडचा प्रश्न वेगळाच निघाला. ऑपरेशननंतर कोणीतरी चार इंचांची बैठक वर लावायला सांगितली होती. तिच्यामुळे उंची ४९ झाली. पाय अधांतरी, जोर लावता येईना, पोट साफ होईना. तिथे जाणंच नको म्हणून आजींनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं होतं, आणि उन्हाळी लागत होती. आम्ही दोन इंचांची बैठक लावली, डाव्या भिंतीला धरायचा दांडा. आठवड्यात फरक पडला.

देवाचं आसन

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते देवघराने. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर, चौरंगावर. लग्न झाल्यापासून आजींची रोजची पूजा पाटावर बसून. ऑपरेशनपासून नातू आंघोळ करून घाईघाईने दोन फुलं वाहायचा आणि आजी मागे उभ्या राहून बघायच्या. मी म्हटलं, हातांची दुसरी खुर्ची इथे ठेवू. आजींनी मान हलवली.

"देव खाली आणि मी वर? कसं बसायचं?"

मी खुब्याचा विचार करत होते. त्या आसनाचा विचार करत होत्या. त्यांना बदलण्याऐवजी देव्हारा उचलला तर? हे सुचलं ते मिस्त्रींना, मला नाही. भिंतीत भक्कम फळी, जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर, खाली गुडघे आत जातील एवढी मोकळी जागा. खुर्चीची बैठक ४३, देवाची ७०. आजींनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं आसन देवाच्या आसनाखाली राहिलं. मग चालेल." पाटावरचं लोकरी आसन त्यांनी स्वतः खुर्चीवर अंथरलं. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. मिस्त्रींच्या हातात आरासांची ढीगभर कामं असतानाही त्यांनी फळी आदल्या आठवड्यात बसवून दिली. चतुर्थीला घरातल्या गणपतीची पूजा आजींनी खुर्चीवर बसून, दीड तास, स्वतः केली.

पथ्याचे बारा आठवडे संपेपर्यंत उठताना उजवा पाय थोडा पुढे सरकवायचा आणि दोन्ही हातांवर रेटायचं, असं चाललं. नंतर मी त्यांना पुढे झुकून उठायला शिकवू लागले. पावलं गुडघ्यांच्या मागे घ्या, छाती पुढे आणा, वगैरे. जमेना. मग म्हटलं, "आजी, बसल्या बसल्या देवाला वाकून नमस्कार करा, आणि नमस्कारातूनच उभ्या राहा." पहिल्याच खेपेला उठल्या. आता मी सगळ्यांना हेच सांगते.

सहा महिन्यांनंतर

अर्ध्या मिनिटात हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, अशी एक साधी चाचणी आहे. हात टेकले की शून्य धरतात. आजींच्या वयोगटातल्या स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त मानतात. ऑगस्टमध्ये आजींचा आकडा शून्य होता. फेब्रुवारीत ७. अजून खाली आहे, व्यायाम चालू आहे. पण दिवसभरातलं तीस-एकतीस वेळा योग्य उंचीवरून उठणं हाच त्यांचा मोठा व्यायाम झाला. खुर्चीनेच उचललं असतं तर मांड्यांना ते काम मिळालं नसतं, हे मी त्यांच्या मुलीला फोनवर समजावलं. गुरुवारची गोष्ट आजींनी तिला स्वतः सांगितली. ती बराच वेळ रडली.

रिक्लायनर कोथरूडला मुलीच्या सासऱ्यांकडे गेली. त्यांची उंची १७५ सेंटिमीटर. बॅटऱ्या घातल्या, मी जाऊन मापं पाहिली, पावलं पूर्ण टेकतात. ते रोज दुपारी तिच्यावर झोपतात.

सोफ्याचं मात्र जमलेलं नाही. पाहुणे आले की आजी खिडकीची खुर्ची सोडून सोफ्यावरच बसतात, कारण पाहुण्यांशी लांबून बोलणं त्यांना बरं वाटत नाही, आणि मग मुलगा दंड धरून ओढून उठवतो. दंड धरून ओढू नका हे मी चार वेळा सांगितलं आहे. आंघोळीचं स्टूलही बदलायचं आहे.

फेब्रुवारीच्या भेटीत मावशींनी विचारलं, "ताई, ते सरकारचे तीन हजार खुर्चीला चालतात का?" त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेबद्दल कोणीतरी सांगितलं होतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या माणसाला साहाय्यक वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तू आहेत. मावशी पर्वतीच्या वस्तीत राहतात. संडास सार्वजनिक आहे, चढावर. रात्री तिथपर्यंत जाणं त्यांना आता झेपत नाही. हे त्यांनी बावीस वर्षांत या घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

कमोड खुर्चीचे पाय भोकांमधून खाली-वर करता येतात, पण आधी माप हवं. मी मावशींना स्टूलवर बसवलं. खाली वाकून टेपचं टोक मी टाचेशी लावलं, आणि गुडघ्यामागे वरचं टोक आजींनी आपल्या खुर्चीवरून हात लांबवून धरलं. छत्तीस.